नाक धरून थोबाडीत

संस्कृत व्याकरण शिकवते असं सांगितलं की लोकांचा चेहरा देवळात आल्यासारखा होतो. ‘वा, किती सात्त्विक विषय!’ म्हणतात. सात्त्विक कसला डोंबलाचा! मी हा विषय मार खाऊन आणि मार देऊन शिकले आहे, आणि दिलेला मार खाल्लेल्यापेक्षा जास्त भरेल. त्यातली एक थोबाडीत आज सांगून टाकते. बरीच वर्षं मी ती कुणाला सांगितलेली नाही.

सिंहस्थ उरकला त्याच्या पुढच्या वर्षी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मी पंचवटीत एका गुरुजींकडे जायला लागले. देवळामागची फरशीची खोली, पुरात ओल धरलेल्या भिंती, सकाळी साडेसहाची वेळ. गुरुजी काशीला बारा वर्षं राहून आलेले. आम्ही आठ जण, सगळे कॉलेजात जाणारे; सात मुलगे आणि मी एकटी मुलगी. शिकायचं म्हणजे आधी पाठ करायचं. सूत्रं चार हजारांच्या आसपास, एकेक सूत्र दोन-तीन शब्दांचं, आणि ती क्रमानंच पाठ हवीत. कारण पुढचं सूत्र मागच्याकडून शब्द घेतं. क्रम चुकला की अर्थ गेला. ही सगळी विद्या हजारो वर्षं कुणी कागदाच्या भरवशावर ठेवली नाही, तोंडातून कानात आणि कानातून तोंडात अशी आली. गुरुजी म्हणायचे, ‘वही जळते, कान जळत नाही.’

आणि चुकलं की काय, तर नाक धरून थोबाडीत. चाळिशीपुढच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. एकाला प्रश्न विचारायचा. त्याला आला नाही तर शेजारच्याला. ज्याला येईल त्यानं डाव्या हातानं चुकलेल्याचं नाक धरायचं आणि उजव्यानं गालावर ठेवून द्यायची. शाळेत आम्ही पाढ्यांना हे खाल्लं होतंच. गुरुजींनी ते ब्रह्मविद्येपर्यंत आणलं होतं. त्यावर त्यांची एक स्वतःची भर होती. उत्तर आलं की ते भुवई वर करून म्हणायचे, ‘हं?’ उत्तर बरोबर असलं तरी ‘हं?’, चूक असलं तरी ‘हं?’. तीन वेळा. जो तिन्ही वेळा आपल्या उत्तरावर उभा राहील त्याचं उत्तर धरायचं. जो डगमगला, गप्प बसला, त्याचं बरोबर असलं तरी चूक. ‘व्याकरण म्हणजे वाद,’ ते म्हणत, ‘उत्तर येऊन भागत नाही, टिकवावं लागतं.’ कुणालाच आलं नाही, किंवा कुणालाच टिकवता आलं नाही, तर तो प्रश्न सोडून पोथीचं दुसरं पान काढायचं.

मला सुरुवातीला या सगळ्यातून वगळलं होतं. मुलीला मारत नाहीत, मुलगी मारत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ काय, तर माझं उत्तर मोजायचंच नाही. मी बरोबर सांगितलं की गुरुजी नुसते ‘ठीक’ म्हणायचे आणि तोच प्रश्न पुढच्या मुलाला विचारायचे. सहा महिने मी हे गिळलं. मग एका सकाळी माझ्या शेजारचा अडकला, मी सांगितलं, गुरुजी ‘ठीक’ म्हणाले, आणि माझं टाळकंच सरकलं. मी उठले, त्या मुलाचं नाक धरलं आणि अशी लगावली की देवळातली म्हातारी पुजारीणबाई ‘अगं बाई!’ करत दारात आली. गुरुजी आधी बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. ‘बस पंगतीत,’ म्हणाले.

त्या दिवसापासून मीही खायला लागले. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांपुढं पिवळं झालं, दात गालात रुतला, तोंडात रक्ताची चव आली. घरी आईला सांगितलं, दाढ दुखतेय. पण खरं सांगू? मला आनंद झाला होता. आणि त्याहून खरं सांगायचं तर मला मारायला आवडायचं. उत्तर तोंडात असताना समोरच्याचं नाक चिमटीत घ्यायचं, त्याचे डोळे बारीक होतात ते बघायचं. लाज वाटते लिहिताना, पण आवडायचं.

आमच्यात एक हरसूलकडचा होता. हरसूलच्याही पलीकडं डोंगरात त्याचा पाडा, घरी भाताची आणि नागलीची शेती. आश्रमशाळेत शिकला, तिथल्या कुणा मास्तरांनी संस्कृतची गोडी लावली, आणि हा नाशकात आदिवासी मुलांच्या वसतिगृहात राहून बी.ए. करत होता. गुरुजींनी त्याला घेतलं हे बाकीच्यांना फारसं रुचलं नाही. तोंडावर कुणी बोललं नाही. पण नाक धरायची वेळ आली की त्याला बसणारी आणि इतरांना बसणारी यांत फरक असायचा. एक थोरला विद्यार्थी होता, तो याला मारायच्या आधी बोटातली अंगठी फिरवून खडा तळव्याकडं घ्यायचा. आम्ही सगळे बघायचो. गुरुजीही बघायचे. मीही बघायचे आणि काही म्हणायचे नाही, हेही इथं लिहिलं पाहिजे.

स्वतःची मारायची पाळी आली की तो गालाला नुसती बोटं लावायचा. गुरुजी भडकायचे, ‘हे मारणं आहे की हळद लावणं?’ हलकं मारणाऱ्याला तीच थोबाडीत गुरुजींच्या हातची मिळायची. म्हणजे बघा, याला चुकलं तरी मार, आलं तरी मार. दुसरा असता तर पळून गेला असता. हा मात्र रोज साडेसहाला पायरीवर हजर असायचा.

कारण त्याला येत होतं. आम्हाला पाठ होतं, त्याला येत होतं. एकदा गुरुजी सांगत होते की वरच्या सूत्रातला शब्द खालच्या सूत्रांत कसा उतरतो आणि कुठं थांबतो. कुणालाच पटकन कळेना. हा हळूच म्हणाला, ‘आमच्याकडं भाताची खाचरं उतरणीवर असतात. पाणी वरच्यातून खालच्यात येतं. मधे कुणी बांध घातला की तिथंच थांबतं. खालचं खाचर कोरडं दिसलं तर वर जाऊन बघायचं, बांध कुठं घातलाय.’ गुरुजींनी पोथी मिटली. मग म्हणाले, ‘लिहून घ्या रे.’ मी लिहून घेतलं. पुढं कॉलेजात शिकवायला लागल्यावर हे उदाहरण मी वर्षानुवर्षं माझं म्हणून सांगितलं. पोरं खूश व्हायची.

तिसऱ्या वर्षी निवडीचा दिवस आला. दक्षिणेत एका विद्यापीठात मोठी शलाका परीक्षा होती. पोथीत काडी खुपसायची, जे पान उघडेल तिथून विद्यार्थ्यानं पुढं म्हणायचं, अर्थ सांगायचा, शंका काढायची आणि तिचं उत्तरही द्यायचं, अशी ती परीक्षा. पास झालं की तिथंच राहून पुढं शिकायची सोय, मग नोकरी. गुरुजी एकाच माणसाला शिफारशीची चिठ्ठी द्यायचे. त्या एका चिठ्ठीवर माझं सगळं लटकलं होतं. घोटीच्या एका भातगिरणीवाल्याचं स्थळ आलं होतं आणि वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, ‘चिठ्ठी मिळाली तर शीक. नाही मिळाली तर श्रावण संपला की साखरपुडा.’ त्या गिरणीवाल्यात तसं वाईट काही नव्हतं. पण त्याच्या घरात बसून मी वेडी झाले असते, हे मला पक्कं माहीत होतं.

दिवस होता नागपंचमीचा. काशीला वैयाकरण नागपंचमीला शास्त्रार्थ करतात, ती रीत गुरुजींनी नाशकात आणली होती. घरी आई त्या दिवशी चिरत नाही, कापत नाही, तवा चढवत नाही. कुठल्या जिवाला इजा नको म्हणून सगळं उकडायचं. ती पुरणाची दिंडं उकडत होती आणि मी थोबाडीत मारायला निघाले होते. वडील बरोबर आले, चांगला कोट घालून. खोलीत आणखी पाच-सहा वयस्कर मंडळी भिंतीला टेकून बसली होती.

पहिल्या तासाभरात सहा जण गळले. गाल लाल करून एकेक जण भिंतीकडं सरकला. अंगठीवाला थोरला माझ्या हातून गेला आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. शेवटी उरलो आम्ही दोघं, हरसूलवाला आणि मी.

गुरुजींनी तांब्याची काडी पोथीत खुपसली, पान उघडलं, पहिले दोन शब्द वाचले आणि माझ्याकडं पाहिलं. माझी पाटी कोरी. अहो, रोज म्हटलेलं! वडील समोर, कोटाच्या गुंड्या लावून. मी काहीतरी बोलले, भलतंच.

‘चूक,’ गुरुजी म्हणाले आणि त्याच्याकडं वळले.

त्यानं सांगितलं. सूत्र, अर्थ, उदाहरण, शंका, उत्तर, सगळं. त्याच्या त्या खालच्या आवाजात, पण एक अक्षर इकडं तिकडं नाही.

‘हं?’ गुरुजी.

त्यानं गुरुजींकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग माझ्या वडिलांकडं. आणि मान खाली घातली.

‘हं? टिकव!’

तो गप्प.

‘हं?’

गप्पच. गुरुजींनी पोथीवरचा हात उचलला आणि सहज म्हणावं तसं मला म्हणाले, ‘तुला काही सांगायचंय?’

मी सांगितलं. त्याचंच. त्यानं आत्ता, माझ्यादेखत म्हटलेलं, शब्दाला शब्द. फक्त मोठ्यानं. गुरुजी ‘हं?’ म्हणाले, मी आणखी मोठ्यानं म्हटलं. दुसरं ‘हं?’ झालं, तिसरं झालं, तेव्हा मी जवळजवळ ओरडत होते. तोवर तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही, नवल वाटल्यासारखा. ते मला सहन झालं नाही.

‘मार,’ गुरुजी म्हणाले.

मी त्याचं नाक धरलं आणि मारलं. जीव खाऊन मारलं. माझी पाटी कोरी झालेली त्यानं पाहिली होती म्हणून मारलं, उत्तर त्याचं होतं म्हणून मारलं, त्या गिरणीच्या घराला मारलं, वडिलांच्या कोटाला मारलं. हात गालावर बसलाच नाही, वर सरकला आणि खोलगट तळवा त्याच्या कानावर आदळला. कागदी पिशवी फुगवून फोडावी तसा आवाज झाला. तो एका गुडघ्यावर आला. न्हाल्यावर कानात पाणी गेलं की आपण मान तिरकी करून झटकतो ना, तशी त्यानं दोन-तीनदा मान झटकली. डाव्या कानातून बारीक लाल रेघ निघाली आणि सदऱ्याच्या कॉलरवर उतरली.

भिंतीजवळचं कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. गुरुजी म्हणाले, ‘पुरे. चिठ्ठी हिची.’

घरी येताना वडील रिक्षात म्हणाले, ‘वाघीण आहे माझी लेक.’ मी तीन दिंडं खाल्ली, तूप घालून.

तो त्यानंतर दोनेक आठवडे आला. गुरुजी डावीकडून बोलले की त्याला कळायचं नाही. थोरल्यानं मुद्दाम त्याच्या डावीकडं बसायला सुरुवात केली, सूत्र ओठातल्या ओठात म्हणायचा आणि याला ऐकू आलं नाही की चुकला म्हणून नाक धरायचा. एका सोमवारी हरसूलवाला आला नाही. मंगळवारी नाही. गुरुजींनी विचारलं नाही, मीही नाही. मी सामान बांधत होते.

परीक्षा पास झाले, शाल मिळाली, पुढं नाशकातच कॉलेजात लागले. लग्न केलं तेही माझ्या पसंतीनं. सगळं हवं तसं झालं. पुढचा सिंहस्थ येऊन गेला. मुलगी सात वर्षांची झाली, आणि एका बुधवारी संध्याकाळी मी तिच्याकडून पाढे म्हणून घेत होते. सतराच्या पाढ्याला ती अडकली. ‘हं?’ मी म्हणाले. ती गप्प. ‘हं?’ आणि मग मी पाहिलं तर तिचं नाक माझ्या चिमटीत होतं आणि उजव्यानं मी मारून बसले होते. पोरगी रडली नाही. तिनं मान तिरकी करून दोनदा झटकली.

नवरा स्वयंपाकघरातून धावत आला, मला काय काय बोलला. मला ऐकू येत नव्हतं त्यातलं. तीन दिवस जेवण उतरलं नाही. शनिवारी त्र्यंबकवरून जाणाऱ्या एसटीनं हरसूलला गेले.

शोधायला वेळ लागला नाही. आठवड्याचा बाजार होता. संस्कृत शिकलेला कुणी आहे का, म्हणून विचारलं तर नागली मापणारी बाई म्हणाली, ‘ते एका कानाचं गुरुजी? आश्रमशाळेतलं? चाय प्यायला गेलं न्हवं का आताच.’ एका कानाचे गुरुजी. एवढ्या वर्षांत ते त्याचं नावच होऊन गेलं होतं.

चहाच्या टपरीमागं तो उभा होता. केस पिकलेले, हातात पिशवी. मला बघताच ओळखलं. ‘या ताई,’ म्हणाला आणि माझं बोलणं ऐकायला मान थोडी फिरवून उजवा कान माझ्याकडं केला. चहा सांगितला. तो पोरांना मराठी शिकवतो म्हणाला. घरी डोंगरातली कोकणा बोली बोलणारी पोरं, शाळेत आल्यावर आधी बोलायलाच भितात.

मला इकडचं तिकडचं बोलता येईना. मी एकदम म्हटलं, ‘उत्तर तुझं होतं. बरोबर होतं.’

‘हो,’ तो म्हणाला, ‘माहीत हाय.’

‘मग टिकवलं का नाहीस? नुसतं हो म्हणायचं होतंस रे तीनदा!’

त्यानं चहाचा घोट घेतला. ‘टिकवलं असतं तर तुम्हाला मारावं लागलं असतं. वडील समोर बसले होते तुमचे. म्हटलं, आपण गप बसू. दोघांचंही चुकलं म्हणून गुरुजी दुसरं पान काढतील, पुन्हा दोघांना विचारतील. तसाच नियम होता.’ मग म्हणाला, ‘तुम्ही माझंच उत्तर उचलाल, असं मला वाटलंच नाय.’

बाजारात गलका चालला होता. इतकी वर्षं मी समजत होते, मार खाऊन खाऊन याचं अवसान गेलं होतं, म्हणून गप्प बसला. तो मला आणखी एक पान देत होता.

‘मला मार,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘मार मला. इथं, सगळ्यांदेखत. माझं चुकलं होतं, उत्तर तुझं. तुझा हक्क आहे.’

‘नाय मारत.’

‘का?’

‘मारल्यानं काय होईल? तुम्ही मोकळ्या होऊन एसटीत बसाल. माझा कान हाय तसाच राहील.’ आवाज अजूनही तसाच खालचा होता, पण आता त्यात धार होती. ‘गुरुजी गेले तेव्हा पेपरात वाचलं. तुम्ही कॉलेजात हाय हेही ठाऊक होतं. तुमच्या दोन ओळींच्या चिठ्ठीनं काम झालं असतं तेव्हा, ताई. दवाखान्यात नेलं असतं लगेच, तर कान वाचला असता म्हणतात. आता मार म्हणता!’

‘अरे, मी माफी मागायला आले!’

‘मागा की. मी नाय म्हटलो का? पण मी ती देईन असं का धरून चाललात?’

त्याचं म्हणणं खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. डोकं पुन्हा तसंच कोरं झालं. एवढ्या लांबून आले मी, तीन दिवसांची उपाशी, आणि हा मला साधी एक थोबाडीत देईना! मी काहीतरी ओरडले. काय ते आठवत नाही.

टपरीवाला ‘ओ बाई, ओ बाई!’ म्हणाला तेव्हा मला कळलं की माझा उजवा हात वर गेला होता.

हरसूलवाल्यानं तो आधीच पाहिला होता. त्यानं चहाचा ग्लास फळीवर ठेवला होता, मान वळवून चांगला कान पलीकडं नेला होता, आणि बहिरा कान माझ्यापुढं करून, डोळे मिटून तो उभा होता.